आजाऱ्याचे मागणे

आयुर्वेदाच्या आचार्यांनी चिकित्सेचे चार पाद मानले, आणि त्यांत वैद्य, औषध व परिचारक यांच्या बरोबरीने चौथा पाद म्हणून खुद्द रोग्याची गणना करून या प्रत्येकाच्या अंगी कोणते गुण असावेत हेही सांगून ठेवले. चरकाने रोग्याकडून ज्या गोष्टींची अपेक्षा केली त्या चारच आहेत: त्याची स्मृती शाबूत असावी, वैद्याचे सांगणे त्याने पाळावे, तो भित्रा नसावा आणि आपल्याला काय होते आहे ते त्याला नीट सांगता यावे. द्रव्याचा त्यांत उल्लेख नाही. सुश्रुताच्या गणनेत मात्र रोगी द्रव्यवान असावा ही अपेक्षा आली आहे, आणि वाग्भटाने तर अष्टांगहृदयाच्या पहिल्याच अध्यायात रोग्याचे गुण मोजताना सधनतेला अग्रस्थान दिले आहे. वाग्भटाला निष्ठुर म्हणण्याचे कारण नाही. औषधी द्रव्ये विकत आणावी लागतात, पथ्याचे अन्न मिळवावे लागते, कामधंदा टाकून अंथरुणावर पडून राहावे लागते, आणि ज्याला हे परवडत नाही त्याचा साध्य रोगही असाध्य होऊन बसतो, हे त्याने डोळ्यांनी पाहिले असले पाहिजे. तरीही या दोन मतांच्या मध्ये एक मोठा प्रश्न उभा राहतो. बरे होण्याचा अधिकार माणसाला केवळ तो आजारी आहे म्हणून प्राप्त होतो, की तो आजारी असून शिवाय ऐपतदारही आहे म्हणून?

हा प्रश्न आज कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या बिलाच्या खिडकीपाशी रोज उपस्थित होतो. फरक इतकाच की तेथे तो कोणी प्रश्न म्हणून विचारत नाही. हातात बिल पडते, आकडा वाचून नातेवाइकाच्या पायांतले बळ जाते, आणि तो खिडकीशी वाकून हळू आवाजात म्हणतो, ‘साहेब, जरा कमी होईल का?’ या साध्या वाक्याचे नैतिक स्वरूप काय आहे याचा विचार मला पुष्कळ दिवस करावासा वाटत होता. हे वाक्य बोलणारा माणूस भीक मागतो आहे, घासाघीस करतो आहे, की आपले येणे मागतो आहे? या तिहींपैकी ते काय आहे यावर बोलणाऱ्याची मान खाली जावी की वर राहावी हे अवलंबून आहे, आणि ऐकणाऱ्याने कोणत्या मनाने उत्तर द्यावे हेही.

पुण्यातील एका विश्वस्त संस्थेच्या रुग्णालयात मी एका परिचिताच्या कामासाठी रांगेत उभा असताना माझ्या पुढे बार्शीकडची एक बाई उभी होती. मोटारसायकलवरून पडून तिच्या मुलाच्या मांडीचे हाड मोडले होते, शस्त्रक्रियेने आत सळई घातली होती, आणि त्या दिवशी त्याला घरी सोडायचे होते. तिच्या हातात चार पानांचे बिल होते. तिला ते वाचता येत नसावे, कारण पानाच्या डाव्या बाजूला छापलेल्या हातमोजे, सलाईनचा संच, मलमपट्टीचे साहित्य अशा नावांकडे तिचे लक्षच नव्हते. ती उजवीकडच्या आकड्यांवरून बोट सावकाश खाली नेत होती आणि तळाशी पोचल्यावर पुन्हा वर नेत होती. खिडकीतला तरुण कारकून सौजन्याने बोलत होता. तो म्हणाला, ‘मावशी, सवलत पाहिजे असेल तर पहिल्या मजल्यावर समाजसेवकांकडे जा, तिथं अर्ज भरावा लागतो, रेशनकार्ड आणलंय का?’ रेशनकार्ड तिच्यापाशी होते, केशरी रंगाचे, प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेले. परंतु ते बाहेर काढण्याऐवजी तिने पिशवी छातीशी घट्ट धरली आणि म्हणाली, ‘फुकाट नगं मला, साहेब. पोराचं हाड बसवलं, त्येचं पैसं मी बुडवनार न्हाई. पन एवढं न्हाई हो व्हायचं आमच्यानं.’ रांगेतल्या एका वृद्ध गृहस्थांनी तिची समजूत घातली, ‘अक्का, जाऊन तर या, त्यात कमीपणा कसला,’ तेव्हा कोठे ती जिन्याकडे वळली.

त्या बाईच्या बोलण्यात जो स्वाभिमान होता त्याचा मी मनापासून आदर करतो. फुकटचे खाऊ नये, कोणाचे बुडवू नये, हा संस्कार या महाराष्ट्रातील कष्टकरी कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या जपला आहे आणि पुष्कळशा शिकलेल्यांपेक्षा अधिक निष्ठेने जपला आहे. परंतु तिच्या स्वाभिमानाला जो क्लेश झाला तो तिला मुळातच व्हायला नको होता. कारण ज्या गोष्टीला ती फुकट समजत होती ती फुकट नव्हती, आणि जिचा अर्ज करताना तिला संकोच वाटला ती दुसऱ्याच्या खिशातून काढलेली भीकही नव्हती. हे कसे ते पाहण्यासाठी त्या रुग्णालयाच्या पायाखालची जमीन कोणाची, तेथपासून विचार करावा लागेल.

मुंबईतील जे. जे. रुग्णालय 1845 साली सुरू झाले ते जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीमुळे, आणि पुण्यातील ससून रुग्णालय 1867 साली उभे राहिले ते डेव्हिड ससून यांच्या दातृत्वामुळे. ही रुग्णालये आज सरकारी आहेत. पण त्यांच्या मागोमाग या प्रांतात धनिकांनी, ज्ञातिसंस्थांनी, मिशनांनी आणि सेवाभावी मंडळांनी विश्वस्त निधी करून अनेक रुग्णालये काढली, आणि ज्या अर्थी हे निधी लोकांच्या हितासाठी होते त्या अर्थी सरकारनेही त्यांना करांत माफी दिली, कित्येकांना नाममात्र दराने जमिनी दिल्या, बांधकामाच्या मर्यादांत सूट दिली. परदेशी यंत्रसामग्रीवरील आयात-जकात माफ करणारे केंद्र सरकारचे 1988 सालचे फर्मान तर स्पष्ट शर्तीचे होते: बाह्यरुग्णांपैकी निदान शेकडा चाळिसांवर मोफत उपचार करावेत, आणि महिना पाचशे रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी शेकडा दहा खाटा राखून ठेवाव्यात. यंत्रे आली, शर्तीचे काय झाले याची चौकशी पुढे न्यायालयांना आणि संसदीय समित्यांना करावी लागली.

महाराष्ट्रात ही शर्त कायद्याच्या भाषेत उतरली आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 याच्या कलम 41 कक अन्वये मुंबई उच्च न्यायालयाने 2006 साली जी योजना मंजूर केली, तिच्याप्रमाणे प्रत्येक धर्मादाय रुग्णालयाने आपल्या खाटांपैकी शेकडा दहा खाटा निर्धन रुग्णांसाठी पूर्ण मोफत आणि शेकडा दहा खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने ठेवल्या पाहिजेत. निर्धन म्हणजे ज्याच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आज ठरलेल्या मर्यादेप्रमाणे 1,80,000 रुपयांच्या आत आहे तो, आणि दुर्बल घटकातला म्हणजे ज्याचे 3,60,000 रुपयांच्या आत आहे तो. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका किंवा दारिद्र्यरेषेखालील कार्ड यांपैकी एक पुरावा त्यासाठी लागतो. तातडीच्या प्रसंगी अशा रुग्णाला अनामत रक्कम न मागता दाखल करून घेऊन त्याचा जीव वाचवण्याचे उपचार प्रथम करावयाचे, असाही त्या योजनेचा दंडक आहे. परंतु या सर्वांपेक्षा मला अधिक विचारप्रवर्तक वाटते ते तिच्यातील निधीचे कलम. रुग्णालयाने इतर रुग्णांच्या बिलांची जी एकूण रक्कम होईल तिच्यातील शेकडा दोन हिस्सा निर्धन रुग्ण निधी या स्वतंत्र खात्यात जमा करावयाचा, आणि त्यातून गरीब रुग्णांचा खर्च भागवावयाचा.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. वरच्या मजल्यावर वातानुकूलित खोलीत राहून ज्याने आपले लाख रुपयांचे बिल चुकते केले, त्याच्या बिलाच्या हिशोबाने दोन हजार रुपये कोणा अनोळखी आजाऱ्याच्या नावे जमा झालेच पाहिजेत, मग ते त्याला ठाऊक असो वा नसो. शतपथ ब्राह्मणात मनुष्य जन्मतःच ऋणी असतो असे सांगून देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे ऋण सांगितले आहे, आणि त्याखेरीज चौथे ऋण मनुष्यांचे म्हणून सांगितले आहे, जे आलेल्याला आसरा व अन्न देऊन फेडावयाचे असते. पहिली तीन ऋणे आपल्या कीर्तन-प्रवचनांतून सर्वांना ठाऊक झाली; चौथे मात्र विस्मरणात गेले. उच्च न्यायालयाच्या योजनेने नकळत त्याच चौथ्या ऋणाची वसुली जमाखर्चात आणली आहे असे मला वाटते. ऋणाच्या वसुलीतून ज्याला मिळते तो याचक ठरत नाही. श्रीमंताच्या संपत्तीत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा हक्क असतो, असे कुराणातही सांगितले आहे. वेगवेगळ्या मार्गांनी गेलेल्या धर्मविचारांना येथे एकच गोष्ट दिसली हे मला फार मोलाचे वाटते. बार्शीच्या त्या बाईला पहिल्या मजल्यावर जे मिळायचे होते ते तिचेच होते; तिच्या मुलाचे हाड मोडण्यापूर्वीच ते कोणीतरी तिच्या नावे भरून ठेवले होते.

हे झाले धर्मादाय सवलतीविषयी. परंतु ज्याचे उत्पन्न वरील मर्यादेच्या थोडे पलीकडे आहे, किंवा ज्याच्यावर खाजगी रुग्णालयात जाण्याचा प्रसंग आला, त्याच्या मागण्याचे काय? तो तर कोणत्याही निधीचा हक्कदार नाही. त्याने बिलात कमी करण्याविषयी बोलणे ही तरी निव्वळ घासाघीसच नव्हे काय, आणि जीव वाचवणाऱ्याशी घासाघीस करणे शोभते काय, असे पुष्कळांना प्रामाणिकपणे वाटते. मलाही वैद्याच्या विद्येची किंमत पाडून मागणे प्रशस्त वाटत नाही. पण बिलात वैद्याची विद्या किती आणि इतर माल किती हे एकदा पाहावे. औषधांच्या किमतींवर देखरेख करणाऱ्या राष्ट्रीय प्राधिकरणाने 2018 साली दिल्ली परिसरातील चार खाजगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा औषधे, सुया, नळ्या, हातमोजे व तपासण्या यांवर एक हजार सातशे टक्क्यांहूनही अधिक नफा घेतल्याचे काही बाबतींत आढळले. यातील मर्म असे की हा माल बहुधा छापील कमाल किमतीलाच विकलेला असतो, आणि छापील किमतीला विकणे बेकायदेशीर नाही; परंतु ती छापील किंमतच मुळी रुग्णालयाला किती नफा सुटावा हे पाहून फुगवलेली असते. दुकानात गिऱ्हाईक छापील किंमत पाहून दुसऱ्या दुकानात जाऊ शकते. शस्त्रक्रियेच्या मेजावर भूल देऊन निजवलेल्या माणसाला दुसरे दुकान नसते.

कौटिल्याने अर्थशास्त्राच्या कंटकशोधन प्रकरणात व्यापाऱ्याला स्वदेशी मालावर शेकडा पाच आणि परदेशी मालावर शेकडा दहा नफ्याची मर्यादा घालून दिली आहे आणि ती ओलांडणाऱ्याला दंड सांगितला आहे. कौटिल्य दयेसाठी प्रसिद्ध नाही. राज्य टिकवायचे तर गरजवंताची लूट थांबवली पाहिजे एवढाच त्याचा हिशोब. आपल्या काळातही जेव्हा जेव्हा सरकारने मनावर घेतले तेव्हा तेव्हा हे भाव खाली आले आहेत. हृदयाच्या रोहिणीत बसवण्याची औषधलेपित स्टेंट, जिच्यासाठी लाखाच्या घरात पैसे मोजावे लागत, तिची किंमत फेब्रुवारी 2017 मध्ये 29,600 रुपयांवर आणून ठेवली गेली, आणि त्याच वर्षी गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांवरही मर्यादा आली. करोनाच्या साथीत मे 2020 मध्ये महाराष्ट्र शासनाने खाजगी रुग्णालयांतील शेकडा ऐंशी खाटांसाठी दर ठरवून दिले: साध्या कक्षात दिवसाला 4,000 रुपये, अतिदक्षता विभागात 7,500 आणि कृत्रिम श्वसनयंत्रासह 9,000. नंतर लेखापरीक्षक बिले घेऊन बसले आणि जादा घेतलेले पैसे कित्येक ठिकाणी परत करावे लागले. तेव्हा बिलाचा आकडा विधिलिखित नाही हे सिद्ध झाले. तो माणसांनी ठरवलेला असतो, आणि माणसांनी ठरवलेल्या गोष्टीचा हिशोब मागणे यात अधर्म्य काही नाही.

एका गोष्टीचा उलगडा मला आजवर कोणत्याही नीतिविचाराने झालेला नाही, ती म्हणजे खोलीच्या वर्गावरून बदलणारे दर. पुष्कळ रुग्णालयांत रुग्णाने स्वतंत्र खोली घेतली तर खोलीचे भाडे वाढते, हे ठीक आहे. परंतु त्याबरोबर शस्त्रवैद्याचे मानधन वाढते, भूलतज्ज्ञाचे वाढते, रक्ताच्या तपासणीचे वाढते. तोच वैद्य, तेच मेज, तीच सुई, तेच रक्त; खिडकीला पडदा आहे म्हणून रक्तातली साखर मोजायला अधिक पैसे. यावर असे म्हणता येईल की श्रीमंताकडून अधिक घेऊन गरिबाला कमी लावण्याची ही जुनी वैद्यकीय रीत आहे, आणि गावोगावच्या वैद्यांनी व डॉक्टरांनी ती खरोखर पाळली, हे मी जाणतो. परंतु रीत पाळणाऱ्याने दुसरी बाजूही पाळायची असते. अधिक घेतलेले कोणाच्या वाट्याला गेले ते दाखवता आले, तर ती उदारता. दाखवता आले नाही, तर तिला काय म्हणावे हे मी वाचकांवर सोपवतो. आजाऱ्याच्या घरच्यांनी एवढे मात्र अवश्य जाणावे की दाखल होताना साधा कक्ष मागून घेणे, हा बिल कमी करण्याचा सर्वांत सोपा आणि कोणाचेही मन न दुखवणारा मार्ग आहे, आणि त्याने उपचारांत तसूभरही उणे पडत नाही.

येथवर वाचून कोणाला वाटेल की मी वैद्यांच्या विरुद्ध कैफियत लिहीत आहे. तसे नाही. चरकसंहितेत रसायनप्रकरणाच्या शेवटी या विषयाचे दोन्ही पक्ष लागोपाठ आले आहेत, आणि आपले लोक त्यांपैकी आपल्या सोयीचा एकच सांगतात. जो वैद्य उपजीविकेसाठी चिकित्सेचा बाजार मांडतो तो सोन्याची रास सोडून धुळीच्या राशीची उपासना करतो, असा एका बाजूचा आशय आहे. आणि ज्या माणसावर उपचार झाले त्याने आधी कबूल केले असो वा नसो, वैद्याची परतफेड केली नाही तर त्याला प्रायश्चित्त नाही, असा दुसऱ्या बाजूचा. एकाने विकू नये आणि दुसऱ्याने फेडल्यावाचून राहू नये, अशी ही उभयतांवरची बंधने आहेत. तालुक्याच्या गावी नवराबायको दोघे डॉक्टर मिळून दहा खाटांचे रुग्णालय चालवतात, रात्री-अपरात्री उठतात, परिचारिकांचे पगार, यंत्राचे हप्ते आणि विजेचे बिल भागवून जे उरेल त्यात संसार करतात. त्यांनी वाजवी बिल केले असता ते बुडवण्यासाठी बहाणे करणारा माणूस चरकाच्या शब्दाने दोषी आहे, मग तो स्वतः कितीही अडचणीत असो. अडचण असेल तर ती सांगावी, मुदत मागावी, हप्ते मागावेत. खेड्यापाड्यांतले बहुतेक डॉक्टर असे सांगणाऱ्याला नाही म्हणत नाहीत.

ज्या मार्गांनी बिल कमी होते पण माणूसही कमी होतो, असे तीन मार्ग मी पाहिले आहेत. खोटा उत्पन्नाचा दाखला हा पहिला. दहातली एक खाट मोजकीच असते. ज्याच्या दारी मोटार उभी आहे त्याने पिवळे कार्ड दाखवून ती अडवली, तर त्या दिवशी कोणी खराखुरा निर्धन मनुष्य दुसऱ्या रुग्णालयाच्या वाटेवर असतो. हा अपहार आहे, आणि तो रुग्णालयाचा नसून त्या वाटेवरच्या माणसाचा आहे. दुसरा मार्ग काचा फोडण्याचा. चार दांडगे घेऊन यावे, डॉक्टरांच्या अंगावर हात टाकावा आणि बिल माफ करून घ्यावे, हा प्रकार इतका वाढला की महाराष्ट्राला 2010 साली त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही.

तिसऱ्या मार्गाविषयी मात्र लिहिले पाहिजे, कारण त्यात कोणाला काही वावगे दिसत नाही. तो म्हणजे पुढाऱ्याच्या पत्राचा, किंवा आजकाल पुढाऱ्याच्या स्वीय सहायकाच्या फोनचा. रुग्णाचा भाऊ आमदारांच्या कचेरीत जातो, तेथे दोन तास बसतो, पत्र मिळवतो, पत्र घेऊन रुग्णालयात येतो, आणि खरोखर बिल कमी होते. त्याला वाटते, साहेबांनी केले. पुढे निवडणुकीत, मिरवणुकीत, वाढदिवसाच्या फलकावर तो त्या उपकाराची फेड करीत राहतो. वास्तविक त्याला जे मिळाले ते पुष्कळदा कायद्याने त्याचेच होते. पत्राने फक्त एवढे केले की जो हक्क होता त्याची मेहेरबानी झाली, आणि जे ऋण समाजाने त्याला देणे होते ते उलट त्याच्याच माथी, भलत्याच धनकोच्या नावाने चढले. तळमळीने धावून जाणारे लोकप्रतिनिधी आहेत, त्यांच्यामुळे प्राण वाचलेले लोक मी ओळखतो आणि त्यांच्याविषयी मला कृतज्ञता आहे. परंतु ज्या व्यवस्थेत पत्र असलेल्याला आणि पत्र नसलेल्याला एकाच खाटेसाठी दोन न्याय मिळतात, त्या व्यवस्थेत पत्र नसलेल्याचे काय होते, याचा विचार पत्र देणाऱ्यानेच सर्वांत आधी करावा असे मला वाटते.

मग आजाऱ्याने आणि त्याच्या माणसांनी करावे तरी काय? चरकाने रोग्यापाशी मागितलेले गुण येथे पुन्हा उपयोगी पडतात. भिऊ नये, हा त्यांतला मुख्य. दाखल होतानाच, म्हणजे दुखण्याची पहिली धांदल ओसरताच, अंदाजे खर्च लेखी मागावा. रुग्णालय धर्मादाय आहे काय हे विचारावे, आणि असेल तर समाजसेवकाची गाठ त्याच दिवशी घ्यावी, कारण घरी सोडण्याच्या दिवशी केलेल्या अर्जाला फार अडथळे येतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ते रुग्णालय आहे काय हे तेथील आरोग्यमित्राला विचारावे. ही योजना 2012 साली दुसऱ्या नावाने सुरू झाली आणि आता तिची व्याप्ती राज्यातील सर्व कुटुंबांपर्यंत नेली आहे, हे अजूनही घरोघरी पोचलेले नाही. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तर 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार निःशुल्क आहेत. निवड शक्य असेल तेव्हा तेथे जाण्यात कमीपणा मानू नये. औषधे रुग्णालयाच्याच दुकानातून घेतली पाहिजेत असे बंधन नाही, बाहेरून स्वस्त मिळत असतील तर आणता येतात, हे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 2018 साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत नमूद आहे. तपशीलवार बिल मागण्याचा हक्कही त्याच सनदेत आहे, आणि पैशांच्या वादावरून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडकवून ठेवता येत नाही हेही.

स्मृती शाबूत असावी, हा दुसरा गुण आजाऱ्याच्या ठायी त्या अवस्थेत कोठून असणार? ती त्याच्या उशाशी बसणाऱ्या माणसाने सांभाळावयाची. कोणत्या दिवशी कोणता डॉक्टर येऊन गेला, कोणती औषधे आणवली, त्यांतली कोणती वापरली गेली आणि कोणती परत केली, हे एका वहीत लिहून ठेवणाऱ्या भावाने किंवा सुनेने बिलाच्या वेळी शांतपणे ती वही उघडली, तर तिच्यापुढे भांडणाची गरज उरत नाही. न वापरलेले औषध, न आलेल्या डॉक्टरची भेट, दोनदा लागलेली एकच तपासणी ही चूक असल्यास सभ्य माणूस तत्काळ दुरुस्त करतो, आणि रुग्णालयांत सभ्य माणसेच बहुसंख्य आहेत. आपली स्थिती नीट सांगता यावी, हा तिसरा गुण. जे आहे ते जसेच्या तसे सांगावे: घरात मिळवते किती, शेत किती आणि ते पावसावरचे की बागायती, कर्ज किती, किती देणे शक्य आहे. यात दैन्य दाखवण्याची आवश्यकता नाही आणि बढाईचीही नाही.

परंतु मागणाऱ्याने कसे मागावे यापेक्षा देणाऱ्याने कसे द्यावे याविषयी आपल्या शास्त्रांनी अधिक लिहिले आहे, आणि ते मला अर्थपूर्ण वाटते. गीतेच्या सतराव्या अध्यायात अनादराने आणि अवहेलनेने दिलेले दान तामस ठरवले आहे, आणि जो परतफेड करू शकणार नाही त्याला केवळ द्यावयाचेच आहे या भावनेने दिलेले सात्त्विक. तैत्तिरीय उपनिषदात गुरू शिष्याला निरोप देताना दानाविषयी जो उपदेश करतो त्यात श्रद्धेने द्यावे इतकेच सांगून तो थांबत नाही. लज्जेने द्यावे आणि भीतीनेही द्यावे असे त्याचे सांगणे आहे. लज्जा घेणाऱ्याने बाळगावी असे तेथे कोठेही म्हटलेले नाही. बार्शीच्या बाईला जो संकोच वाटला तो त्या उपनिषदाच्या मताने रुग्णालयाच्या विश्वस्तांना वाटायला हवा होता: आपल्या दारात येऊन इतके दिवस झाले, मुलाची शस्त्रक्रिया झाली, तो काठी टेकून चालू लागला, आणि या बाईला तिचे काय आहे ते सांगायला शेवटच्या दिवसापर्यंत कोणी भेटले नाही.

म्हणून माझी विश्वस्त मंडळींना एक विनंती आहे. खाटा किती राखीव आहेत आणि आज किती मोकळ्या आहेत याचा फलक मराठीत, मोठ्या अक्षरांत, दाखल करण्याच्या खिडकीपाशी असावा; जिन्यामागच्या भिंतीवर नसावा. दाखल-अर्जाच्या पहिल्याच पानावर, नाव आणि वय यांच्या खालोखाल, उत्पन्नाचा रकाना असावा आणि त्याच्यापुढे रुग्णाचा हक्क काय आहे ते छापलेले असावे, म्हणजे विचारण्याची पाळी कोणावरच येणार नाही. आणि प्रत्येक विश्वस्ताने, ज्याचे नाव संगमरवरी पाटीवर कोरले आहे त्याच्या वारसानेही, आठवड्यातून एक सकाळ बिलाच्या खिडकीच्या आत कारकुनाशेजारी खुर्ची टाकून बसावे, बिले हातात घेऊन ओळीओळीने वाचावीत, आणि जो आकडा समोरच्या माणसाला समजावून सांगताना आपली जीभ अडखळते तो आकडा तेथल्या तेथे खाली आणण्याचा अधिकार वापरावा. तो अधिकार त्यांना आजही आहे; त्यासाठी कोणताही नवा कायदा व्हावा लागत नाही.